काळ्या मेंढीची बाजू

वडिलांच्या कौतुकाचं एक वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत लिहिलं आणि त्यापायी माझं कॉलेज सुटायची वेळ आली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष संपलं होतं आणि दुसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडायचा होता. मला इंग्रजीच हवं होतं. आमच्या अंथुर्णे गावात तोवर कुण्या मुलीनं इंग्रजीच्या वाटेला जायचं धाडस केलं नव्हतं, त्यामुळे मला ते जास्तच हवं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, यांनी मात्र आधीच बजावलं होतं. इंग्रजी मिळालं तर शिक, पुढं शाळेत नोकरी लागेल. ते नाही मिळालं तर घरी ये आणि बाहेरून परीक्षा दे. बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलींची पुस्तकं फळीवर कशी धूळ खातात आणि मुली पाहुण्यांपुढं चहाचे ट्रे कसे नेतात, ते मी गावात डोळ्यांनी बघत होते.

इंग्रजीच्या जागा थोड्या, म्हणून इंग्रजी विभागाचे सर चाचणी घ्यायचे. सर पुण्याचे. खडूची भुकटी बाहीवर पडली तरी झटकणारे, आणि मुलांना तर त्याहून जोरात झटकणारे. त्यांनी वाक्प्रचार दिले आणि वाक्यात उपयोग करायला सांगितला. त्यात ‘ब्लॅक शीप’ होतं. ते बघून मला हायसं वाटलं. हे काय पाठ करायचं? काळी मेंढी आम्हाला कुणी शिकवायला नको होती.

आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. तात्यांनी ऊस लावला, त्यांचा ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जाऊ लागला, पण धाकट्या चुलत्यांनी मेंढरं सोडली नव्हती. आमच्यात मान काळ्या लोकरीला. काळी घोंगडी विटत नाही. देवापुढं काळी, लग्नाच्या बैठकीला काळी, मोठा पाहुणा आला की त्याच्याखालीही काळीच अंथरायची. कळपात एखादी काळीभोर मेंढी निपजली की चुलते तिला बाजार दाखवत नसत. आणि आमच्या भावकीत कुणाचं भांडण असो की सोयरीक, शेवटचा शब्द तात्यांचा. तेव्हा मी झोकात लिहून टाकलं, माय फादर इज द ब्लॅक शीप ऑफ अवर फॅमिली अँड एव्हरीबडी रिस्पेक्ट्स हिम.

सरांनी मला विभागात बोलावलं. दाराशी बाकीची मुलं नंबर लावून उभी होती. माझ्या वडिलांनी नेमकं काय केलंय, असं त्यांनी जरा सहानुभूतीनंच विचारलं. मी म्हटलं, काही नाही, फार चांगले आहेत. मग ब्लॅक शीप कसे? म्हणूनच तर ब्लॅक शीप, मी म्हटलं. दाराशी खसखस पिकली. सरांनी शांतपणे अर्थ सांगितला, घराण्याला काळिमा लावणारा माणूस. इंग्रजी असं मराठीतून समजायचं नसतं, तू अर्थशास्त्र घे, असंही म्हणाले.

मला लाज वाटायला हवी होती. पण मला आला राग. तो सरांचाही नव्हता आणि हसणाऱ्यांचाही नव्हता, सगळा त्या वाक्प्रचाराचा होता. मी विचारलं, काळ्या मेंढीनं असं काय केलंय? सर म्हणाले, त्यांच्यात तसं म्हणतात. का म्हणतात, मी विचारलं. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “ते तू शोध. यादी शनिवारी दुपारी लागेल, त्याच्या आत येऊन मला सांग.”

ते मला वाटेला लावत होते की खरंच संधी देत होते, मला कळलं नाही. मी संधी धरून चालले. ग्रंथालयात शब्दकोशांत शोधलं तर अर्थ सगळीकडे तोच, कारण कुठंच नाही. डोकं धरून बसले असताना मला एकदम आमची रंगपंचमी आठवली. लहानपणी आम्ही बहिणी उरलेल्या रंगात लोकर बुडवून बाहुल्यांचे केस करायचो. पांढरी लोकर गुलाबी व्हायची, हिरवी व्हायची. काळी कितीही बुडवा, काळीच. वर आत्या ओरडायची, चांगली काळी लोकर नासवू नका म्हणून.

म्हणजे इंग्रजांना काळी मेंढी नको होती ती रंगाऱ्यापायी! त्यांना विकायला रंगीत कापड हवं, काळ्यावर रंग चढणार नाही, म्हणून पांढऱ्या कळपातली एखादी काळी म्हणजे नुकसान. आम्हाला लोकर रंगवायचीच नव्हती, म्हणून तीच मेंढी आमच्याकडं मानाची. मी उठून ग्रंथपाल बाईंच्या मागे लागले आणि त्यांनी कुलपाच्या कपाटातून शब्दांच्या जन्मकथांचा एक जाडजूड ग्रंथ काढून दिला. त्यात तेच होतं. मी वाचनकक्षात टाळी वाजवली आणि बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी ग्रंथात तोंड खुपसलं.

आणि मग मला घबाडच सापडलं. ‘डाइड इन द वूल’ म्हणजे मुरलेला माणूस, कारण सूत कातण्याआधीच लोकर रंगवली की रंग पार आतवर मुरतो. ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे जीव टांगणीला लागणं, कारण धुतलेलं लोकरीचं कापड आकसू नये म्हणून आकड्यांना ताणून बांधायचे. ज्या भाषेला मी साहेबाची म्हणून घाबरत होते, तिच्या घरात शिरले तर माजघरात मेंढरं बसलेली! इंग्रज आमच्यातलाच निघाला. ती संध्याकाळ मी हवेत होते.

शनिवारी सकाळी तात्या कॉलेजात हजर. गावातल्या एका मुलानं चाचणीची गंमत घरी पोचवली होती आणि ते माझा कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आले होते. ओरडले नाहीत. यादी लागेपर्यंत थांबा, एवढंच मी म्हटलं, तर ते माझ्यामागून विभागात आले आणि धोतर सावरून भिंतीशी उभे राहिले.

मी सरांना सगळं सांगितलं, रंगपंचमीसकट. मग त्यांनी विचारलं, ‘वूल-गॅदरिंग’ म्हणजे काय? मी म्हटलं, कुंपणाला अडकलेली लोकर वेचत भटकणं, त्यावरून भान हरपून बसणं. पण हे ज्यानं म्हटलं त्यानं बाभळीच्या काट्यातून लोकर वेचलेली नसणार, तिथं भान हरपलं तर बोटं रक्ताळतात. सर हसले. मग म्हणाले, “बाय हुक ऑर बाय क्रुक. अर्थ सगळ्यांना येतो, काहीही करून. पण हुक कुठला आणि क्रुक कुठला?”

हे मी वाचलं नव्हतं. क्रुक म्हणजे मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी, हे ग्रंथातल्या चित्रात बघितलं होतं. वाकडं टोक कशाला? ओढायला. मेंढरामागं जाणारा माणूस काय ओढणार? पाला! कालव्याकडेच्या बाभळी सरकारी. तिथला पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा सरकारी माणूस, चुलत्यांना झाडावर चढू देत नसे, कुऱ्हाड लावू देत नसे. पण खाली उभं राहून आकडीच्या काठीनं जेवढ्या फांद्या ओढता येतील तेवढ्या खुशाल न्या म्हणायचा. मी म्हटलं, सर, तिकडचं माहीत नाही, पण आमच्याकडं असं आहे. झाड मालकाचं आणि आकडीला येईल ते गरिबाचं, त्यामुळे माणूस कसंही करून आकडी पोचवतो.

सर खुर्चीतून उठले. तिकडं जहागीरदारांच्या जंगलात गरिबांना सरपणाची अशीच सूट असायची, कोयत्याला आणि काठीला येईल तेवढीच, आणि हा वाक्प्रचार तिथूनच आला असं सांगतात, असं ते म्हणाले. हे मी कुठं वाचलं, असंही त्यांनी विचारलं. मी वाचलं नव्हतं म्हटल्यावर त्यांनी टेबलावरची यादी ओढून माझ्यासमोर सगळ्यात वर माझं नाव लिहिलं. आनंदानं माझे कान गरम झाले. एवढी मोठी मी त्याआधी कधीच झाले नव्हते.

तेव्हा कुठं सरांचं लक्ष भिंतीकडं गेलं. आपण कोण, काही काम होतं का, असं त्यांनी तात्यांना विचारलं.

तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. “तुमच्या इंग्रजीतलं मला काय कळत न्हाय, सर,” ते म्हणाले. “पण कालव्याचं तिनं सांगितलं ते खरं हाय. दाखला न्यायला आलतो. आता ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच.”