माणची वाट, मिरजेचा मामू आणि पेट्रोल पिणारी गाडी

गाडी विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. रविवारी माझा मुलगा ओंकार पुण्याहून साताऱ्याला येणार आणि गाडी घेऊन जाणार, एवढंच बाकी होतं. त्याच आठवड्यात मी रहिमतपूरला शमीमला फोन लावला. म्हटलं, "तुला मिरजेला जायचं होतं ना? उद्या निघू. गाडी आहे तोवर."

शमीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. रहिमतपुरात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. मिरजेत तिचा मामू, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, तंबोरे बनवतो. रहिमतपूरहून मिरजेला रेल्वे सरळ जाते. पण दुकान एकटीचं, कधी लग्नसराई, कधी ईद, "जाऊ की" म्हणता म्हणता वर्षं निघून गेली होती.

आता गाडीबद्दल. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकले आणि लगेच एक जुनी, छोटी, पेट्रोलची गाडी घेतली. आधीचा मालक म्हणाला होता, लिटरला अठरा देते. माझ्या हातात ती अकराच्या वर जाईना. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरची हवा दर आठवड्याला बघितली, टाकी कुठं गळते का ते पाहिलं, लॅपटॉप जोडून सेन्सरही तपासून घेतले. सगळं ठीक. मग सगळ्यांचं एकच मत पडलं: गाडी बरी आहे, चालवणारी नवी आहे. ओंकार म्हणायचा, "आई, तू गिअर उशिरा टाकतेस." शेजारचे काका म्हणायचे, "बायकांचा पाय क्लचवरच असतो." मी गिअर लवकर टाकून पाहिला, क्लचवरचा पाय मुद्दाम बाजूला ठेवून पाहिला. आकडा हलला नाही. शेवटी मलाही वाटायला लागलं की दोष माझाच असणार. विकायला मी हो म्हटलं ते त्यामुळंच.

निघताना साताऱ्यात टाकी काठोकाठ भरली आणि किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवला. खरं ॲव्हरेज काढायचं असेल तर हाच मार्ग: टाकी भरायची, लांब जायचं, पुन्हा तशीच काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. गाडीतल्या काट्यावर विसंबू नका.

रहिमतपुरात शमीम डबा आणि कंदी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली. महामार्गानं कराडवरून गेलो असतो तर दुपारपर्यंत मिरज गाठली असती. पण वर्गात वर्षानुवर्षं मी मुलांना माण तालुक्याचं पर्जन्यमान शिकवलं होतं आणि स्वतः गाडी चालवत तिकडं एकदाही गेले नव्हते. म्हणून औंध, वडूज, दहिवडी, मायणी, विटा असा लांबचा रस्ता धरला. जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. रस्ता एकपदरी पण चांगला आहे, फक्त गावांजवळचे गतिरोधक रंगवलेले नाहीत, ते दिसत नाहीत.

औंध सोडलं आणि ऊस हळूहळू मागं पडला. दोन्ही बाजूंना शाळू ज्वारी लागली. वडूजच्या पुढं तर झाडंही विरळ झाली आणि आभाळ एवढं मोठं झालं की मी गाडी बाजूला घेतली. उघडे डोंगर, त्यांच्या पायथ्याला पाणी अडवायला रचलेले दगडी बांध, म्हणजे ताली, आणि त्या तालींच्या आत कणसांनी भरलेलं पिवळसर रान. फळ्यावर मी या भागाला 'पर्जन्यछाया' असा एक शब्द लिहून पुढं जात होते. त्या एका शब्दात माणसांनी एवढे दगड उचलून रचलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बोल की गं काहीतरी," शमीम म्हणाली.

"काय बोलू? बघ की."

"बघतेय. लय मोठं हाय."

दहिवडीत एका साध्या खाणावळीत मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी खाल्ली. दोघींचं पोटभर जेवण पाचशेच्या आत झालं. रस्सा तिखट आहे, आधीच सांगून ठेवते.

मायणीच्या तलावाजवळ पोचलो तेव्हा उन्हं कलायला अजून वेळ होता. तलावाच्या अलीकडं पाण्याकडं उतरणारी कच्ची वाट आहे. त्या उतारावर मी गाडी थांबवली तोच शमीम ओरडली, "नंदे, ते बघ!" आणि दार उघडून पळालीच. मीही चावी काढली आणि तिच्या मागं गेले.

पाण्याच्या कडेला राखाडी रंगाचे बदकासारखे मोठे पक्षी बसले होते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकदंब! हे पक्षी हिमालय ओलांडून येतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, ते शमीमला सांगितलं. एवढ्यात पलीकडच्या बांधावरून मेंढरांचा कळप खाली उतरला आणि सगळा थवा एकदम उठला. पंखांचा तो आवाज! आमच्या डोक्यावरून एक मोठं वळण घेऊन ते पुन्हा पाण्यावर उतरले.

शमीम अजून वरच बघत होती. मग हळूच म्हणाली, "हिमालयावरून? आणि ह्यांचं ॲव्हरेज काय असंल गं?"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मेंढरांमागची म्हातारी आमच्याजवळ आली. "आवं बाई," ती म्हणाली, "गाडी तुमचीच न्हवं का? दार उघडं ऱ्हायलंय. मेंढरू शिरंल आत."

आम्ही वर गेलो. दार लावायला वाकले आणि आत नजर गेली. हँडब्रेक खाली होता. गाडी न्यूट्रलमध्ये होती. पक्ष्यांच्या नादात मी ती मोकळीच सोडून गेले होते, आणि तोंड सरळ पाण्याकडं. मध्ये आम्ही उभ्या होतो, ती म्हातारी होती, मेंढरं होती.

मी मटकन दगडावर बसले. "शमीम, ही खाली आली असती तर?"

"पर आली न्हाई ना," ती माझा खांदा दाबत म्हणाली.

आली नाही. का आली नाही? एवढ्या उतारावर मोकळी गाडी जागची हलली नाही, ती कशाला धरून उभी होती? मी उठले, चाकांना दोन मोठे दगड लावले आणि एकेका चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली. पुढची दोन्ही कोमट. मागचं उजवं गार. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि चटका बसायच्या आत मागं घेतला. तिथं वासही येत होता.

शमीमनं वाकून वास घेतला. "कापडावर इस्त्री तशीच ऱ्हायली की येतो तसला हाय गं."

त्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. मी गाडी शिकले ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर, पाय कायम शिक्षकांच्या धाकात. नंतर थेट ही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी ओढल्यासारखी मंदावते, ते मला सगळ्याच गाड्यांचं वाटत होतं. मी आणि गाडी इतके महिने लावलेल्या ब्रेकशी झगडत होतो.

चाक निवेपर्यंत तिथंच थांबलो. मग विट्यापर्यंत अगदी हळू गेलो. मध्येमध्ये थांबून चाक निववत, ब्रेक जेमतेम वापरत. तेवढा रस्ता मला सगळ्यात लांब वाटला.

विट्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मी तोंड उघडायच्या आतच विचारलं, "मॅडम, नवीन शिकलाय का? क्लचवर पाय ठिवत असाल."

"मागचं डावं चाक उचला," मी म्हणाले. "ब्रेक सुटत नाही त्याचा. हाताला चटका बसतोय."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि जॅक लावला. उजवं चाक हातानं फिरवलं, ते गरगर फिरत राहिलं. डावं फिरवायला दोन्ही हात लावावे लागले.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. ड्रम उघडून त्यांनी मला आत बघायला बोलावलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेकचे लायनर घासून काळे पडले होते. "गाडी लय दिवस हँडब्रेक वढून उभी असणार कुठंतरी. आसंच घाटात उतरला असता तर तापून ब्रेकच लागला नसता. बरं झालं कळलं." बाजारातून नवी केबल आणि लायनर येईपर्यंत आम्ही चहा प्यायलो. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला: मोकळ्या मैदानात, अगदी थोड्या उतारावर, आत बसून आणि पाय ब्रेकजवळ ठेवून ती न्यूट्रलमध्ये सोडून बघा. आपली आपण घरंगळली तर चाकं मोकळी आहेत.

विटा सोडून तासगावच्या रस्त्याला लागलो. जरा वेग आला आणि मी सवयीनं वळणाआधी पाय उचलला. गाडी मंदावलीच नाही. चालत राहिली. द्राक्षांच्या बागा दोन्ही बाजूंनी मागं सरकत होत्या, इंजिनचा आवाज जवळजवळ नव्हता, आणि गाडी आपली आपण, पाण्यावरून गेल्यासारखी जात होती. मी पुन्हा पाय ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

"काय झालं?" शमीमनं घाबरून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "गाडी अशी चालते तर!"

मिरजेला मामूच्या दारात गाडी लावली तेव्हा दिवस मावळत होता. मोठमोठे वाळलेले भोपळे भिंतीला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि मधोमध अगदी बारीक अंगाचे, पांढरी टोपी घातलेले मामू. त्यांना आता कमी ऐकू येतं. शमीम समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी मान वर केली आणि घरच्या दखनीत म्हणाले, "कां थी गे तू इत्ते दिन?"

इतके दिवस कुठं होतीस, असं विचारत होते ते. ती त्यांच्या पायाशी बसली आणि रडली.

थोड्या वेळानं तिचा मामेभाऊ आम्हाला नवा तंबोरा दाखवायला लागला. मामूंनी तो आपल्याकडं ओढला. भोपळ्याला गाल टेकवला आणि एक तार छेडली. आवाज कोरडा, नुसता टण्. मग त्यांनी तारेखाली सुताचा एक बारीक धागा घातला आणि तो केसभर, केसभर सरकवत राहिले, गाल तसाच टेकलेला. एका जागी तो आवाज उघडला. दुसरा शब्द सापडत नाही. एका तारेतून आणखी किती तारा वाजायला लागल्या, कोण जाणे, आणि भिंतीवरचे रिकामे भोपळेसुद्धा गुणगुणतायत असं वाटलं. मामूंनी डोळे मिटले होते. त्यांना तो कानानं नाही, गालानं ऐकू येत होता.

रात्री तिथूनच ओंकारला फोन केला. "गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग. ब्रेक अडकला होता. मी शोधला."

तो म्हणाला, "आई, आम्ही कुणीच चाक बघितलं नाही गं." आणि मग, "सॉरी."

दुसऱ्या दिवशी सांगलीत भडंग घेतलं आणि उसाच्या ट्रॉल्यांना जागा देत देत पेठ नाक्याला महामार्ग पकडला. विट्यात काम झाल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली होती. साताऱ्यात परत भरली आणि भागाकार केला. सतरा.

रविवारी ओंकार आला, पण गाडी न्यायला नाही. मी त्याला शेजारी बसवून कास रस्त्यानं वर घेऊन गेले. सबंध रस्ता त्यानं गिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काय राहिलं मनात, असं तुम्ही विचाराल. तालींचे दगड राहिले. डोक्यावरून गेलेला तो पंखांचा आवाज राहिला. आणि आपल्याबद्दल चार जण एकच गोष्ट सांगत असले तरी एकदा स्वतः हात लावून बघावं, हे राहिलं.

पुढच्या महिन्यात शमीमचा फोन आला. "नंदे, शिकाऊ लायसन काढलंय मी. तू शिकव. मामूकडं मीच चालवत जाणार आता."

रहिमतपूरच्या बाहेर एक मोठं मोकळं रान आहे. तिथं तिला स्टिअरिंगमागं बसवलं. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं ओठ घट्ट मिटले, क्लच हळूच सोडला, आणि गाडी बैलासारखा एक हिसका देऊन पुढं निघाली. शमीमनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, डोळे विस्फारले होते, आणि ती माझ्याकडं न बघता मोठ्यानं ओरडत होती, "चालली गं! आगं, चालली!"