जुन्या तासातला झुहैर

लराश गावात माझी, म्हणजे अल्लालची, पावाची भट्टी आहे. गल्लीतल्या बायका कणीक मळून फळीवर पाठवतात, मी पाव भाजून देतो. इतक्या वर्षांनी कुठला पाव कुणाच्या घरचा हे मला बघताक्षणी कळतं, आणि कुणाच्या घरात काय चाललंय तेही. मला भोचक म्हणू नका. धंदाच तसा आहे.

झुहैरची फळी सगळ्यांच्या मागून तासाभराने यायची. एकच पाव, मधोमध अंगठ्याचा खळगा. त्याची आई असाच खळगा करायची; ती गेल्यावर तो स्वतः मळायला शिकला. कणीक कायम सैल. चाळिशीचा एकटा माणूस, हॉलंडमधल्या कुठल्याशा कंपनीच्या गोदामांसाठी घरी बसून प्रोग्राम लिहायचा. वर्षातून दोन-तीनदा विमानाने तिकडे जायचा आणि माझ्यासाठी चीज आणायचा. काय तो वास! मी ते गुपचूप मांजराला घालायचो.

तर, तासाची भानगड. सरकारने घड्याळ कायमचं एक तास पुढे ढकललं तेव्हा आम्ही सगळ्यांनी महिनाभर शिव्या घातल्या आणि मुकाट काटे फिरवले. फक्त रमजानात तो तास परत मिळतो, ईद झाली की पुन्हा जातो. झुहैरने काटे फिरवलेच नाहीत. "सरकारने कर घ्यावा, काका. सकाळ कशाला घ्यावी? पोरं अंधारात शाळेला जातात!" असलं तो इंटरनेटवर पानंच्या पानं लिहायचा. मी म्हणायचो, "हळू लिही रे बाबा." शिवाय जुना तास दाखवणारं एक फुकट घड्याळ त्याने फोनसाठी बनवलं होतं. तीनशे अकरा माणसं ते वापरायची. आकडा मला पाठ आहे, कारण दर आठवड्याला तो मला ऐकवायचा.

चहाच्या दुकानात पोरं टर उडवायची, "काय झुहैर, तुमच्या देशात किती वाजले?" तोही हसायचा. पण आम्ही जेवून आडवे व्हायचो तेव्हा हा पाव न्यायला यायचा, आणि गल्लीत बोलायला कुत्रं नसायचं. रमजानात मात्र अख्खा देश त्याच्या तासावर यायचा. महिनाभर तो भट्टीपुढच्या ओळीत सगळ्यांबरोबर उभा राहायचा, रोजा सोडायच्या हरीरा सुपात मसूर किती घालायची ते बायकांना विचारायचा, चेहरा नुसता फुललेला. ईद झाली की पुन्हा एकटा. मला ते बघवेना.

म्हणून मीच स्थळ काढलं. गिझलान, शाळेत गणित शिकवणारी, पस्तिशीची, जिभेने तिखट. तिची आत्या लल्ला रहीमो माझ्याच भट्टीवर पाव भाजून घेते. झुहैरचं नाव काढलं तशी गिझलानने फोन पुढे केला. त्यावर त्याचं घड्याळ! "याने केलंय? मग त्याच्याशी बोलायलाच हवं," म्हणाली.

झुहैरला मी सांगितलं, "रविवारी पाच वाजता त्या तुझ्याकडे येतील." तो लाल झाला. म्हणाला, "काका, नाही म्हणाल्या तर? दुसऱ्यांदा विचारायचा धीर माझ्यात नाही."

रविवारी निघताना गिझलान म्हणाली, "आपण त्यांच्या पाचला जाऊ. आपले सहा. त्यांना बरं वाटेल." मला इतकी गंमत वाटली की मी त्याला कळवलंच नाही. गाढव मी, दुसरं काय!

आमच्या सहाला आम्ही दारात पोचलो. कुलूप. फोन लावला, बंद. समोरच्या खिडकीतून शेजारीण हद्दाने डोकं काढलं. "आत्ताच गेला हो! नवा जल्लाबा घालून पाचपासून दारात उभा होता बिचारा."

"कुठल्या पाचपासून?" मी विचारलं.

"कुठल्या म्हणजे? आपल्या! भिंतीवरचं घड्याळही पुढे केलंय त्याने. सकाळी मलाच विचारून लावलं. मग बॅग उचलली आणि तंजाच्या बसला गेला. म्हणाला, आल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी तंजाहून त्याचं हॉलंडचं विमान होतं. रात्री घरात एकटं बसण्यापेक्षा तो आदल्या दिवशीच निघाला होता.

लल्ला रहीमो माझ्यावर कडाडली, "बंद दारासमोर उभं करायला आणलंस आम्हाला, अल्लाल?" गिझलानला सगळं कळलं होतं. बदामाच्या चंद्रकोरी मिठाईचा डबा तिने उंबऱ्यावर ठेवला. आत्याने तो उचलला आणि तिच्या दंडाला धरून तिला घेऊन गेली. अख्खी गल्ली बघत होती.

झुहैरने फोन नऊ दिवसांनी चालू केला. माझा निरोप ऐकून त्याने लगेच उलट फोन केला, पण तोवर गिझलानच्या वडिलांनी तिच्या नादोरच्या चुलतभावाला लग्नाचा शब्द दिला होता. मी पाया पडायला गेलो होतो. "त्या दारात आम्ही पुन्हा जाणार नाही," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर झुहैर मला एक शब्द टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. चीज दिलं आणि म्हणाला, "तीनशे दहा. कुणीतरी घड्याळ काढून टाकलं."

मी ते चीज खाल्लं, सगळं.

यंदा रमजान लागला. आम्ही सगळ्यांनी काटे मागे घेतले. पहिल्याच दिवशी झुहैरची फळी सगळ्यांच्या तासभर आधी आली. पाव भाजून मी स्वतः त्याच्या घरी गेलो. भिंतीवरचं घड्याळ तसंच, एक तास पुढे.

"अरे, तुझा तास आलाय ना! तू ज्याच्यासाठी भांडलास तो! फिरव की काटे."

त्याने पाव फडक्यात गुंडाळला. "आईनंतर पहिल्यांदा मी कुणासाठी तरी काही बदललं, काका. ते परत घ्यायला हात होत नाही."

त्याने टेबलावर दोन वाडगे मांडून ठेवले होते. मी एकासमोर बसलो. रोजा सोडायच्या बांगेला अजून खूप वेळ होता.