पूजेतला पाना

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, असं ती चारचौघांत सांगते. हे एक ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही, सांगतोय.

निपाणीत चिकोडी रस्त्याला माझं गॅरेज आहे. डिझेल गाड्यांचं काम. दत्ता मेस्त्रीनं इंजिनाला नुसता कान लावला की दुखणं कळतं, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

बोरगावच्या दोन भावांची व्हॅन माझ्याकडे यायची. थोरल्याला सगळे आप्पा म्हणत. गाडी त्यांची, व्यापार त्यांचा. धाकटा रमेश ती चालवायचा. बेळगावात शहापूर-वडगावच्या मागांवर विणलेल्या साड्या भरायच्या आणि निपाणी, चिकोडीच्या दुकानांत पोचवायच्या. रमेशचा जीव होता त्या गाडीवर. सीटवर कुणी चिखलाचा पाय ठेवला तर दिवसभर धुसफुसायचा.

खंडेनवमीचा दिवस होता. टायमिंग बेल्ट जुना झालाय म्हणून रमेशनं गाडी आणली होती, आणि संध्याकाळी आप्पांच्या दारात तिची पूजा व्हायची होती. हा बेल्ट म्हणजे दात असलेला रबरी पट्टा. खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह यांची वेळ तो सांभाळतो. काही दात चुकले की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. म्हणून नवा बेल्ट चढवला की आधी मोठ्या पान्यानं इंजिन हातानं सावकाश फिरवायचं. कुठे अडलं तर हाताला कळतं. मगच किल्ली फिरवून सेल्फ मारायचा. हे मीच दुसऱ्या मेस्त्र्यांना ओरडून सांगायचो.

तो मोठा पाना पूजेत गेला होता. बायकोनं हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती, हळदकुंकू वाहिलं होतं. एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत आम्ही हात लावत नाही. मागितला असता तर कुरकुरत का होईना, तिनं दिला असता. मी मागायला गेलोच नाही. पूजेचा मान राखला म्हणू? नाही हो. माझा हात चुकेल, हे डोक्यातच आलं नाही.

सेल्फ मारला. खट् झालं. एकदाच.

रमेश पुढे आरशाला झेंडूची माळ बांधत होता. त्यानं मान वर केली. "दत्ताअण्णा, काय वाजलं ओ?"

"काय न्हाय रं. माळ बांध तू."

बघितलं, तर बेल्टचं वरचं दातेरी चाक खुणेच्या पुढे सरकलं होतं. बेल्ट काढला, खुणा जुळवून पुन्हा बसवला. इंजिन सुरू झालं. बारीक टिकटिक होती — माझ्याच कानाला कळेल अशी. तेव्हाच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून व्हॉल्व्ह बघायला हवे होते. निदान गाडी ठेवून घ्यायला हवी होती. पण मग सणाच्या दिवशी सांगावं लागलं असतं, की दत्ता मेस्त्री चुकला. मी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी पाठवून दिली.

दिवाळीच्या तोंडावर ती तवंदी घाटात बंद पडली. ओढून आणली. आप्पा आणि रमेश शेजारी उभे होते तेव्हा मी हेड उतरवलं. एक व्हॉल्व्ह तुटून आत पडला होता, त्यानं सिलिंडर ओरबाडून काढला होता. आणि बाकीच्या पिस्टनांवर — व्हॉल्व्ह आदळल्याच्या नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, आणि त्यांच्यावर काजळी बसली होती. काजळी बसली म्हणजे त्या खुणा घाटातल्या नव्हेत, आधीच्या. माझ्या. मी त्यांच्यावर अंगठा फिरवला. शेजारच्या दोघांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"कशानं झालं, मेस्त्री?" आप्पांनी विचारलं.

आमच्याकडे बॅटरी उतरली की गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर ढकलतात. त्या झटक्यानं बेल्टचे दात सुटू शकतात. हे खरंच आहे. मी आधी तेवढं सांगितलं. आणि पुढे म्हणालो, ढकलून चालू केली असणार.

"म्या न्हाय ढकलली," रमेश म्हणाला. माझ्याकडे बघत राहिला. त्याला तो आवाज आठवला असेल का?

"मेस्त्री कशाला खोटं बोलंल?" आप्पा म्हणाले, आणि रमेशच्या हातातली किल्ली काढून घेतली.

इंजिनाचा खर्च परवडेना, गाडी भंगारात गेली. पण आप्पांना राग गाडीचा नव्हता. सख्खा भाऊ तोंडावर खोटं बोलला, याचा होता. त्यांनी बोलणं टाकलं. रमेश बेळगावात एका गोदामात हमालीला लागला. त्याच्या मुलीच्या लग्नाला आप्पा गेले नाहीत. मी गेलो. पंगतीत बसून जेवलो. कसा जेवलो असेन?

यंदा आप्पा गेले. दिवसकार्य उरकल्यावर रमेश गॅरेजात आला. केस पार पिकले होते. मी चहा मागवला.

"शेवटाला बोलला बघा आप्पा माझ्यासंगं," तो म्हणाला. "म्या कबूल करून टाकलं. म्हटलं, व्हय आप्पा, मीच ढकललती गाडी. मग हात धरला त्यानं माझा."

मी कप त्याच्यापुढे सरकवला. तो हळू आवाजात म्हणाला, "लई वर्सं झाली, अण्णा. आता मलाबी वाटतंय, ढकललीच असंल."

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगायला नको होतं? ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "चहा घे. गार हुतोय." त्यानं घेतला. जाताना माझ्या पाया पडला. थोरल्याच्या जागी आता तुम्हीच, म्हणाला.

बायको दर खंडेनवमीला तो पाना पाटावर मधोमध मांडते. मी हात जोडतो.

रमेशनं गाडी ढकलली नव्हती.