रोझ म्हणजेच रोझारिया

इटलीतल्या लुक्का शहरातून आलेला फॅक्स माइकनं माझ्या टेबलावर ठेवला.

"मेधा, आपली रोझ भलतीच कोणीतरी निघाली म्हणे."

माइक म्हणजे माझा बॉस, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातला वकील. मी त्याच्याकडे पॅरालीगल, म्हणजे कायदेशीर कागदपत्रं तयार करणारी मदतनीस होते आणि नोटरीही. साल २००४. रोझ आमच्या क्लायंट, वय अठ्ठ्याहत्तर. लुक्कात कोटाच्या भिंतीला लागून त्यांच्या आजोबांचा व्हिला होता. आत्यानं तो मृत्युपत्रात रोझच्या नावे केलेला. गिऱ्हाईक मिळालं होतं. पण रोझना तिकडे एकटीनं जायचं नव्हतं, म्हणून तिथल्या वकिलाला सहीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र आम्ही पाठवलं होतं.

अमेरिकेत नोटरीचं काम साधं. ओळखपत्र बघायचं, सही डोळ्यांदेखत करून घ्यायची, शिक्का मारायचा. इटलीत नोटरी म्हणजे बडी असामी. त्यानं मान्य केल्याशिवाय घर विकलं जात नाही. आणि लुक्काच्या ज्या नोटरीनं फॅक्समधून हरकत घेतली होती, त्याचा मुद्दा बरोबर होता. व्हिला रोझारियाच्या नावावर, पासपोर्ट रोझचा. सहाव्या वर्षी अमेरिकेत आल्यावर शाळेतल्या बाईंनी रोझारियाचं रोझ करून टाकलं होतं. त्याचा कागद कुठेच नव्हता.

यावर उपाय असतो. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी शपथेवर सांगायचं. तेच ॲफिडेव्हिट. गिऱ्हाईक तीन आठवडे थांबायला तयार होतं.

"असं कोण आहे?" मी रोझना फोनवर विचारलं.

"सगळे गेले."

"एकही नाही?"

"भाऊ आहे, कार्लो. पण तो मला ओळखत नाही."

"त्यांना विसरायला होतं का?"

"काही विसरत नाही. म्हणून तर ओळखत नाही."

आत्यानं घर एकट्या रोझला दिल्यापासून दोघांत अबोला होता. नऊ वर्षं. राहायचे वीस मिनिटांच्या अंतरावर.

मी कार्लोंना फोन केला.

"विकतेय? मला विचारलंसुद्धा नाही!"

"तुम्ही त्यांच्याशी बोलू नका. फक्त त्या कोण आहेत, ते सांगा."

"तेवढंच?"

"तेवढंच."

गुरुवारी ते आले. ब्याऐंशी वर्षांचे, कडक इस्त्रीचा सूट. रोझ आधीच बसल्या होत्या. कार्लोंनी मधे एक खुर्ची सोडली. मी शपथ दिली.

"या बाईंना ओळखता?"

"ओळखायचो."

"वर्तमानकाळात सांगा," माइक म्हणाला.

"ओळखतो. हिच्या जन्मापासून. सगळे म्हणाले, बाळ आणलंय बघ. मला कुत्रा हवा होता."

रोझ खुदकन हसल्या.

मूळ नाव कशावरून माहीत, असं मी विचारलं. कार्लो म्हणाले, आजीचं नावही रोझारियाच. अंगणातून हाक मारली की दोघी धावत यायच्या. मी लिहून घेत होते.

"माझा बूट हिनंच विहिरीत टाकला. तेही लिहा."

"तूच टाकलास!" रोझ म्हणाल्या. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

मग इटालियनमध्ये जोरदार भांडण सुरू झालं. माइकनं मला खूण केली. आम्ही कॉफी आणायला गेलो. परत आलो, तर कार्लो मधल्या खुर्चीवर बसले होते.

"सही करतो, पण एका अटीवर. किल्ली देण्याआधी आम्ही दोघं तिथे जाऊन येणार."

"शपथेला अट घालता येत नाही," माइक म्हणाला.

"मग अट नाही," रोझ म्हणाल्या. "पण जाणार."

राज्य सरकारचा दाखला लावल्याशिवाय असा कागद परदेशात चालत नाही. टपालाची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून तो आणायला मी स्वतः राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला, ड्राइव्ह करून गेले. लुक्काच्या नोटरीनं ॲफिडेव्हिट निमूट मान्य केलं. भावंडं खरंच तिथे गेली. रोझ समोर हजर असल्यामुळे त्यांनीच सही केली. मी इतक्या मेहनतीनं केलेलं मुखत्यारपत्र कुणाला लागलंच नाही.

तेव्हापासून जुन्या मालमत्तेचा क्लायंट आला, की मी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारते. तुम्हाला जुन्या नावानं ओळखणारं कोण आहे? आणि त्यांच्याशी तुमचं बोलणं आहे का?

दुसरा प्रश्न कुठल्याही फॉर्मवर नसतो. काम बहुतेक वेळा त्याच्यावरच अडतं.