शेडगे सरांचे दोन पेले

शेडगे सरांना काहीही सांगितले की ते आधी विचारायचे, "कशावरून?" सर, तास संपला. कशावरून? सर, पाऊस आला. कशावरून? मग सांगणाऱ्याने खिडकीबाहेर हात काढायचा, ओला तळवा सरांना दाखवायचा, तेव्हा कुठे ते खडू खाली ठेवायचे. एकदा आमचे हेडमास्तर भर तासाला दारात येऊन म्हणाले, "शेडगे, निरोप आलाय, मुलगा झाला तुम्हाला." सवयीने सरांच्या तोंडून तेच निघाले. सगळा वर्ग हसला. हेडमास्तरही हसले. सर मात्र लाजून फळ्याकडे वळले आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागले.

सातारा जिल्ह्यातल्या औंधपासून आठ मैलांवरच्या एका खेड्यातली ती शाळा. सर आम्हाला विज्ञान आणि गणित शिकवीत. सायकलने येत, धोतराचा सोगा वर खोचलेला असे. बोलणे घरच्यासारखे, गावचे. "पुस्तकात हाय म्हणून खरं न्हाई, जंगमा," असे मला म्हणत. "खरं हाय म्हणून ते पुस्तकात आलंय. तरी तपासून बघ. छापणारा बी माणूसच हाय." एखादी गोष्ट तीनदा मोजायला लावत आणि तिन्ही मापे तंतोतंत सारखी आली तर कान धरत. "तिन्ही सारखी? म्हंजे दोन तू ढापलीस."

शाळेच्या आवारात पाऊस मोजायचे एक भांडे होते. रोज सकाळी सर त्यातले पाणी मोजून तक्त्यात लिहीत. एका श्रावणात ते तापाने आठ दिवस अंथरुणावर होते. परत आल्यावर हेडमास्तर म्हणाले, अंदाजाने आठ आकडे भरा, तालुक्याला तक्ता जायचाय. सरांनी आठही रकान्यांत "मोजला नाही" असे लिहिले आणि तक्ता पाठवून दिला. वरून ठपका आला. तो कागद त्यांनी आम्हाला वाचून दाखवला. शिक्षेचा कागद त्यांनी बक्षिसासारखा धरला होता, हे मला तेव्हा फार आवडले होते.

नववीत त्यांनी केलेला एक प्रयोग मला आजही जसाच्या तसा आठवतो. पेल्यात आडाचे पाणी, त्यात लोखंडाचे दोन खिळे, खिळ्यांना तारा, तारांना बॅटरीचे सेल. थोड्या वेळात पाणी पिवळे पडले, मग तांबूस झाले, तळाशी गाळ धरला. "घाण कुणाची?" सरांनी विचारले. आम्ही एकसुरात ओरडलो, "पाण्याची!" सरांनी खिळे पुसून तराजूत टाकले. एक खिळा हलका भरला. "घाण खिळ्याची हाय. पाणी बिचारं गप बसलंय म्हणून त्याच्या माथी मारू नगा." मग वाफ थंड करून काढलेल्या पाण्यात तेच खिळे घातले. काहीच झाले नाही. ते पाणी त्यांनी आम्हाला चाखायलाही दिले. बेचव, मेलेले पाणी. "ह्यातलं मीठ, माती समदं काढून घेतलंय. त्याबिगर वीज फिरत न्हाई अन् चवबी लागत न्हाई. हे मोटारीच्या बॅटरीत घालायचं, पोटात न्हवं."

पुढे मी सांगलीला आलो आणि एका कारखान्याच्या भांडारात नोकरीला लागलो. आवक, जावक, शिल्लक. सरांनी लावलेल्या सवयीवर मी तिथे पंचवीस वर्षे काढली. दर गुरुपौर्णिमेला त्यांना पत्र टाकायचो, त्यांचे कार्ड यायचे.

आमच्या कॉलनीत केबल आली त्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा इतका वास यायचा की चहा औषधासारखा लागे. मी फिल्टर घ्यायचे ठरवले आणि महिनाभर वही घेऊन माहिती जमवली. शेजाऱ्यांचा दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर घड्याळ लावून पाहिला. तीन तासांत चार लिटर पाणी खाली आले, गाळ गेला, वास तसाच. उकळलेल्या पाण्याचा वास कमी झाला, पण चव गेली. भिंतीवर लावायच्या मशीनमधल्या दिव्याने जंतू मरतात असे कळले, वासाबद्दल विकणाऱ्याला काही सांगता येईना, शिवाय वीज गेली की पाणी बंद. वाचनालयात जाऊन वाचले तेव्हा समजले की वास घालवायला कोळसा लागतो. कोळसा वास ओढून घेतो, पाण्यात विरघळलेले क्षार मात्र तो सोडून देतो. ही ओळ मी वहीत उतरवून खाली रेघ मारली. माझी पत्नी सुमन म्हणाली, "तुमची वही भरेल. आम्ही मात्र तोवर हेच पिणार."

नेमके त्याच आठवड्यात सरांचे कार्ड आले. दिलीपने, म्हणजे त्यांच्या मुलाने, पाण्याच्या जगची एजन्सी घेतली आहे. वरच्या भागात कोळशाची डबी, वरून नळाचे पाणी ओतायचे, खाली चांगले पाणी उतरते. रविवारी दोघे येतो, कॉलनीतली माणसे जमव. मला आनंद झाला. अकरा घरांत जाऊन मी स्वतः सांगितले. चौगुलेकाकूंनी विचारले, "चांगलं असतंय का ते?" मी म्हणालो, "माझे सर आणतायत. तपासायलाच नको."

रविवारी दोघे आले. सर निवृत्त होऊन साताऱ्याला राहत होते, थकले होते, पण कोट इस्त्रीचा होता. दिलीप तिशीचा, चटपटीत, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. तो बाहेर खोकी उतरवत असताना सर मला म्हणाले, "तीन धंदं बुडालं त्याचं. सून नातीला घेऊन माहेरी जाऊन बसलीय. म्हनती, घरात चार पैसं आलं की येते. सांगलीत माल खपला तर कंपनी त्याला हा भाग कायमचा देनार हाय. एवढं बग जंगमा." त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. मी म्हणालो, "काळजी करू नका सर."

बैठकीत माणसे दाटीवाटीने बसली. दिलीपने टेबलावर एक पेटी ठेवली. पेटीतून तारा, तारांना लोखंडी कांड्या. मला हसू आले. मला वाटले, सर जुना प्रयोग करून दाखवणार. एका पेल्यात दिलीपने आमच्या नळाचे पाणी घेतले. दुसऱ्यात जगमधले ओतले. जग तो भरूनच घेऊन आला होता. बटण दाबले. दोन मिनिटांत नळाच्या पेल्यात तांबडा चोथा तरंगू लागला. दुसरा पेला स्वच्छ.

"अगं बाई!" चौगुलेकाकू उठून उभ्या राहिल्या. त्या जैन घरातल्या, नळाला कायम दुपदरी फडके बांधलेले. "आम्ही गाळून घेतो की वो! रोज गाळून घेतो!"

"फडक्यातनं हे सरळ जातंय काकू," दिलीप म्हणाला. "घरात कुणाला कावीळ झालीती का कधी?"

"नातवाला. गेल्या वर्षी," काकू म्हणाल्या. "महिनाभर दवाखान्यात होता."

"मग आता सांगा, कशानं झाली असंल?"

काकू खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. नातवाला आपणच विष पाजले असे त्यांना वाटले असणार. कुणीतरी विचारले, "सर, तुम्ही जाणकार आहात. तुम्ही सांगा." सर खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, "डोळ्यांनी दिसतंय की." त्या दिवशी त्यांनी एकदाही कशावरून म्हटले नाही.

एकेक जण नाव नोंदवू लागला. मी जगमधले थोडे पाणी वाटीत घेऊन चाखले. बेचव. मेलेले. कोळसा क्षार सोडून देतो, म्हणजे आमच्या नळाचे पाणी या जगमधून आले असते तर दुसरा पेलाही तांबडा व्हायला हवा होता. हे बॅटरीचे पाणी होते, घरून भरून आणलेले.

मी विचारले, "सर, हे पाणी आमच्याच नळाचं आहे ना?"

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "व्हय."

मी जग उचलला, मोरीत रिकामा केला, नळाखाली धरला आणि परत आणून टेबलावर ठेवला. पाणी कोळशातून थेंब थेंब उतरत होते.

"आवं काका, येळ जातोय," दिलीप म्हणाला. "आमाला पुढं मिरजंला जायचंय."

"थांब रं," सर म्हणाले. "त्याला करू दे."

दहा मिनिटांनी मी ते पाणी पेल्यात ओतले, कांड्या सोडल्या, बटण दाबले. तेही तांबडे झाले. मी सगळ्यांना समजावून सांगितले, गंज कांडीचा आहे, पाण्याचा नाही, काकूंच्या नातवाची कावीळ या रंगावरून ठरत नाही. सांगताना माझ्या तोंडी सरांचीच वाक्ये येत होती, त्यांच्याच क्रमाने. मी चांगले सांगत होतो. ते मला जाणवत होते आणि आवडतही होते.

"म्हणजे फसवायला आलता व्हय मास्तर?" काकूंनी डोळे पुसत विचारले. "ह्या वयात?"

सर उठले आणि तारा गुंडाळू लागले. प्रयोगशाळेत गुंडाळायचे तशाच, कोपर आणि अंगठ्याभोवती, एकसारखे वेढे घालून. नोंदलेली नावे एकेकाने खोडायला लावली. दिलीपने वही मिटली आणि माझ्याकडे पाहिले. तेवढे एकदाच त्याने सरळ पाहिले. घाईत एक जग टेबलावरच राहिला.

माणसे गेल्यावर मी त्या जगमधले पाणी प्यायलो. ब्लीचिंगचा वास अजिबात नव्हता. महिनाभर मी शोधत होतो ते हेच पाणी होते. नुसते एकेक पेला पाणी लोकांच्या हाती दिले असते तरी सहा-सात जग त्या दिवशी सहज गेले असते, पहिला मीच घेतला असता. हे सरांना कळत नव्हते असे नाही. पण दिलीपला सहा-सात पुरणार नव्हते.

सुमन पेले विसळत होती. म्हणाली, "त्यांना आत बोलावून सांगता आलं नसतं?"

"तेव्हा सुचलं नाही," मी म्हणालो.

खोटे होते ते. सुचले होते. जग उचलून मोरीकडे जाताना सरांना मागे बोलावले असते तर दोघांत बोलता आले असते, आणि मी दोन क्षण थांबलोही होतो. पण अकरा घरांत शब्द मी दिला होता. काकू रडत होत्या. आणि सगळ्यांसमोर बरोबर ठरायची संधी मला भांडारात पंचवीस वर्षांत मिळाली नव्हती. यातले कोणते कारण किती, ते मी अनेकदा मांडून पाहिले आहे. प्रत्येक वेळी वेगळे उत्तर येते.

सुमनने तो जग कोळसा संपेपर्यंत वापरला. "पाण्याचा काय दोष?" म्हणाली. मी माठातले पीत राहिलो. सरांना दोन पत्रे टाकली. कार्ड आले नाही. पुढच्या गुरुपौर्णिमेला पत्र लिहायला बसलो, पण "सप्रेम नमस्कार" याच्यापुढे गेलो नाही.

दोन वर्षांनी ते गेले. मला तेराव्यानंतर एका वर्गमित्राकडून कळले. साताऱ्याला गेलो. दिलीपने दार उघडले, आत घेतले, पाणी दिले. तो एका पेट्रोल पंपावर नोकरी करत होता. जगची एजन्सी माझ्या घरच्या त्या रविवारनंतर महिनाभरातच सुटली होती. घरात बाईमाणसाची वस्तू दिसत नव्हती. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "नाही आली ती. आप्पांनी नातीला शेवटपर्यंत बघितलं नाही."

मग दोन वर्षे मनात जपलेली गोष्ट मी बोललो. म्हणालो, "दिलीप, मला वाटतं सरांना ते सहन होत नव्हतं. कुणीतरी थांबवावं म्हणूनच त्यांनी तो प्रयोग माझ्या घरी आणला."

दिलीप हसला. त्या हसण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागले.

"नाही वो काका. मीच म्हणत होतो, सांगलीत दुसरीकडं कुठंपण जाऊ, तुमच्याकडं नको. तुम्हाला कळणार म्हणून. तर आप्पा म्हणाले, त्याच्याकडंच जाऊ. त्याला कळंल. पन माज्यासाठी तो गप बसंल."

मी पेला खाली ठेवला. विचारायला नको होते, तरी विचारले, "त्या दिवशी जाताना काही म्हणाले?"

"मिरजेला गेलोच नाही आम्ही. साताऱ्याची गाडी धरली. कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग एकच म्हणाले." दिलीप थांबला. सांगावे की नको, असा त्याने माझ्या तोंडाकडे पाहून विचार केला, आणि सांगितले.

"म्हणाले, मी शिकवलं तेवढंच शिकला."