धुक्यावरच्या घिरट्या

आज सकाळी खिडकीबाहेर असं धुकं होतं, की समोरचा कडुलिंब नागपूर सोडून गेला की काय, असं वाटावं. लेक पुण्याहून सकाळच्या विमानानं निघालेली. मला कुठलं बसवतंय! मी तेच विमान, तोच मार्ग, तेच खरं हवामान संगणकावरच्या विमान उडवायच्या खेळात लावलं आणि तिच्या बरोबरीनं उडालो. जगातली निम्मी विमानं मी या जेवणाच्या टेबलावरून उडवली आहेत. उरलेली निम्मी बायकोनं टेबल पुसायला घेतल्यामुळे जमिनीवर राहिली.

धावपट्टी दिसेना. मी वर घिरट्या घालू लागलो.

"अहो, बटण दाबलं की ऊन पडते न तुमच्या खेळात?" बायको म्हणाली.

"तिच्या वैमानिकाकडे आहे का ते बटण?"

माझ्यामागे उभी राहून तीही पडद्यावरचे काटे बघू लागली.

इंधन मी नागपूरपुरतंच भरलं होतं. जिथं जायचंय तेवढ्याचाच बेत मी जन्मभर केला. जिथं जायचं नाही, तिथवर पुरेल एवढंही जवळ असावं, हे कधी सुचलंच नाही. अकराव्या घिरटीला माझं विमान संत्र्यांच्या बागेत उताणं पडलं. बायकोनं माझा खांदा घट्ट धरला.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आम्हाला रायपूरला उतरवलंय. मी मजेत आहे. तुमचं विमान पोचलं का?"

"केव्हाच!" मी म्हणालो आणि फोन बायकोच्या हाती दिला.