इस्त्री केलेली पावती

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात हिशेबाची वही कधी नव्हतीच. गिऱ्हाइकानं आगाऊ दिलेल्या नोटा मास्तर त्याच्याच कापडाला टाचणीनं टाचून ठेवत. कपाट उघडलं की कुणी निम्मे दिलेत, कुणी पूर्ण, कुणी नुसतंच गोड बोलून गेलंय, सगळं समोर. फक्त चुरगळलेली नोट त्यांना खपत नसे. टाचण्याआधी तिच्यावरून इस्त्री फिरायचीच.

"स्वतःचा सदरा बोळ्यासारखा, आणि नोटा बघा, जशा काही फोटो काढायला निघाल्यात," मास्तरीणबाई काज करता करता म्हणत.

या पद्धतीवर एकतीस वर्षं गेली होती. एकतीस वर्षांत एकाच कामाचे पैसे मास्तरांनी कुणाकडे दोनदा मागितले नव्हते, आणि ही गोष्ट ते माप घेताना प्रत्येकाला सांगत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप असल्यामुळे त्याला ऐकावंच लागे.

मग लेकीनं कार्डाचं मशीन आणून टेबलावर ठेवलं. समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात गर्दी वाढत होती, इकडे गिऱ्हाइकं "कार्ड चालतं का?" विचारून परत जात होती.

"समज, वकीलबाईंनी क्रेडिट कार्ड लावलं," लेक म्हणाली. "पैसे तुला बँक देणार, उद्या. बाई बँकेला देणार, पुढच्या महिन्यात."

"म्हणजे त्यांनी उधार नेलं आणि मी रोख विकलं?"

"बरोब्बर!"

"आणि मधल्या मध्ये बँकेला काय?"

"शंभरातले दोन कापून घेते, बाबा."

"मग ती काज-बटणं तरी करते का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

तरी मशीन राहिलं. नोटेऐवजी मशीनमधून निघालेली पावती टाचायची, असं मास्तरांनी ठरवलं. पण पावत्या निघतानाच गुंडाळी होऊन निघत. आठवडाभर मास्तरांनी सोसलं. शनिवारी सकाळी सगळ्या पावत्या काढल्या, कापडांवर क्रमानं पसरल्या आणि एका दमात इस्त्री फिरवली.

त्या कागदाला शाई लागत नाही. उष्णता लागली की तो काळा पडतो, मशीन अक्षरंही तशीच उमटवतं. हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. आठच्या आठ पावत्या वकीलबाईंच्या कोटाइतक्या काळ्या झाल्या.

आणि दारात वकीलबाईच उभ्या! "मास्तर, कोट झाला?"

कोट झाला होता. अस्तरासकट, तीन दिवसांचं काम. पण बाईंनी निम्मे दिले होते की पूर्ण? मागावेत आणि बाईंनी आधीच दिलेले असले, तर एकतीस वर्षांवर पाणी. मागू नयेत, तर दीड दिवसाची मेहनत फुकट. मास्तरांनी कोट झटकला. मग पुन्हा झटकला. कॉलरवर नसलेला दोरा काढला.

"काय झालं?"

मास्तरांनी काळी पावती पुढे केली. "बाई, तुम्ही किती दिलेत, ते मला कळेना झालंय."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मी... थांबा हं. नोटा मोजून दिल्या असत्या तर लक्षात राहिलं असतं. कार्ड लावलं, टिंग वाजलं, मी गेले. मलाही आठवत नाही!"

मास्तरीणबाईंनी सुई खाली ठेवली आणि लेकीला फोन लावला. फोनमधून आधी नुसतंच हसू आलं.

"बाबा, कागद जळला तरी मशीनला सगळं आठवतं. मागचे व्यवहार उघड. बाईंच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे विचार."

मास्तरांनी बटणं दाबली. सोमवार. चार आकडे जुळले. निम्मे!

"हुश्श!" मास्तर खुर्चीत बसले. "म्हणजे हे पहिल्यांदाच मागतोय."

"पहिल्यांदाच," बाईंनी निकाल दिल्यासारखं सांगितलं आणि कार्ड लावलं. टिंग! नवी पावती गोल गोल वळत बाहेर आली. मास्तरांनी ती दोन बोटांत धरून ताणली. सोडल्याबरोबर तिनं पुन्हा वेटोळं घातलं. त्यांचा हात आपोआप इस्त्रीकडे गेला.

इस्त्री बंद होती. प्लग मास्तरीणबाईंच्या मांडीवर होता.